देवाचा आहेर

माझ्या नातीला मी एका शब्दापायी मारलं. ती पाच वर्षांची होती. शब्द तिचा बरोबर होता, माझा चुकीचा होता. हे मला नंतर कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं ते मारण्यापेक्षा वाईट होतं. आता लिहिते. वाचणाऱ्याने माफ करावं असं माझं काही म्हणणं नाही.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. जालन्यात आमच्या गल्लीतच काय, आसपासच्या दहा गल्ल्यांत दुसरं ज्यू घर नव्हतं. आमचे हे कोकणातले. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. शेजारी आम्हाला कधी ख्रिश्चन समजायचे, कधी मुसलमान. शनिवारी आमची चूल पेटत नाही, तर एक बाई सगळ्यांना सांगायची की हिच्या मागं साडेसाती लागली, म्हणून ही शनिवार एवढा कडक धरते. दाराच्या चौकटीला आमच्याकडे एक लहान डबी ठोकलेली असते, तिच्यात शास्त्रातलं लिहिलेलं चामडं असतं. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. नवीन दूधवाला आला तेव्हा तो आठ दिवस ती डबी बेल समजून दाबत होता. कोणी दार उघडत नाही म्हणून दूध तसंच परत न्यायचा.

आमची मुख्य प्रार्थना एका ओळीची आहे. तिला शेमा म्हणतात. उजवा हात डोळ्यांवर ठेवून म्हणायची. देव आपला आहे, देव एक आहे, असा तिचा अर्थ. शेवटचा शब्द 'एक' या अर्थाचा, तो लांबवून म्हणतात. मूल बोलायला लागलं की पहिली हीच शिकवतात, आणि माणूस जायला टेकला की शेवटची हीच त्याच्या कानात म्हणतात. जन्मभर पुरणारी एक ओळ. तिचा शेवटचा शब्द मी चुकीचा धरून बसले होते.

तो चुकला कसा ते सांगते. माझे वडील निजामाच्या रेल्वेत होते, परतूरला. मी नऊ वर्षांची असताना ते गेले. मागे एक वही राहिली. त्यांचं सगळं लिहिणं उर्दू अक्षरांत, कारण त्या राज्यात शाळा उर्दू. प्रार्थनासुद्धा त्यांनी उर्दू अक्षरांतच लिहून ठेवल्या होत्या. आईला कुठलंच अक्षर येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकले, थोडं उर्दू, थोडं मराठी. घरात वही वाचू शकणारी मी एकटी. ऐकलेलं अर्धं आठवत होतं, अर्धं विसरलं होतं. बोट ठेवून ठेवून मी सगळं लावून काढलं. आई पाहुण्यांना सांगायची, माझ्या पोरीनं बापाची वही जिवंत केली. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

उर्दूत दाल आणि रे ही दोन अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. एकाला कोपर असतं, दुसरं नुसतं वाकतं. काना-मात्रा बहुतेक लिहीत नाहीत, त्या वाचणाऱ्याने भरायच्या. वडिलांनी लिहिलं होतं 'एहाद'. मी वाचलं 'आहेर'. नऊ वर्षांच्या पोरीला आहेर हा शब्द ठाऊक होता. लग्नात देतात तो. देवाच्या ओळीत आहेर असायला काय हरकत? तसंच म्हणायला लागले. वर्षा-दोन वर्षांनी कधी मुंबईला आमच्या मशिदीत जाणं व्हायचं. सिनेगॉगला आमची जुनी माणसं मशीदच म्हणतात. तिथं शे-दोनशे माणसं तो शब्द लांबवून म्हणायची. मला त्यात माझाच आवाज ऐकू यायचा. माणूस गर्दीत दुसऱ्याचं ऐकत नाही.

माझ्या पोरांना मी तेच शिकवलं. मुलगा आणि मुलगी, दोघंही आहेर म्हणत मोठे झाले.

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी सून घरात आली. ठाण्याकडची. ती गायची. केर काढताना गायची, भाकरी थापताना गायची. भाकरी तिला थापता येत नव्हती, गाणं येत होतं. मी म्हणायचे, भाकर थाप, ताल नको धरू. ती हसायची आणि आणखी हळू गायची. आमच्या लोकांची मराठी गाणी तिला तिच्या आजीकडून आलेली, हिब्रू गाणी बापाकडून. पुढे नात झाली, तिच्या मागून दोन वर्षांनी नातू. दोघं तिच्या मांडीवर डोकी टेकवून तिच्या आवाजात आवाज घालायचे. माझ्या घरात प्रार्थना होती, गाणं नव्हतं. ते ऐकलं की मी सुनेला हाक मारून काहीतरी काम सांगायचे. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचे.

नात पाच वर्षांची असताना माझ्या मुलीसाठी मुंबईचं स्थळ आलं. मुलगी सव्वीस वर्षांची, रंगाने सावळी, एका बालवाडीत शिकवायची. आमच्या समाजात आधीच घरं मोजकी, त्यात आम्ही जालन्यात. लोक तोंडावर विचारायचे की तिकडे तुमचं धर्माचं काही राहिलंय का, की सगळं बुडालं? मुलाचे वडील त्यांच्या मशिदीत प्रार्थना चालवणारे, हझान. त्यांनी निरोप धाडला की शुक्रवारी येतो, शनिवार तुमच्याकडे पाळतो, घर बघतो. घर बघतो म्हणजे काय ते मला कळलं. मुलीला ते बघणारच होते. त्यांना बघायचं होतं, या घरात देव आहे का.

मी ठरवलं, नात त्यांच्यासमोर शेमा म्हणेल. पाच वर्षांची पोर डोळ्यांवर हात ठेवून स्वच्छ म्हणाली की तोंडं बंद होतील. हातात पाच शुक्रवार होते.

पहिल्या शुक्रवारी दिवा लावला. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात. नात उभी राहिली, ओळ म्हणाली. शेवटी म्हणाली, एहाद. लांबवून, आईसारखी, गाण्यासारखी.

मी म्हटलं, आहेर.

तिने पुन्हा एहाद म्हटलं. सून स्वयंपाकघराच्या दारात होती. ती म्हणाली, "आई, आमच्याकडं एहादच म्हणतात."

"तुमच्याकडं काय काय म्हणतात ते मला माहीत हाय," मी म्हटलं. "इथं माझ्या बापाची वही हाय."

सून आत वळली. मुलगा जेवत होता, त्याने मान वर केली नाही. आमचे हे वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाज आला.

शुक्रवारी आम्ही काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत करतो. द्राक्षाच्या दारूच्या जागी ते. पोरं आठवडाभर त्याची वाट बघायची. मी सांगितलं, शब्द बरोबर येईपर्यंत हिला सरबत नाही. तिने भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात ठेवून उभं राहायचं आणि आम्ही प्यायचं. तिचा वाटा मी तिच्या भावाला दिला. तीन वर्षांच्या त्या पोराने दोन्ही पेले संपवले आणि लगेच आहेर, आहेर म्हणत नाचला. त्याला शब्दाशी काय करायचं होतं? मी सगळ्यांना म्हटलं, बघा, लहान हाय पण बुद्धीचा हाय.

दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी लाटणं घेऊन बसले. एहाद म्हटलं की बोटांच्या पेरांवर एक. तिचा उजवा हात डोळ्यांवर, म्हणून डावा हात पुढे. ती रडताना आवाज करायची नाही, याचा मला जास्त राग यायचा. शेजारच्या खाला आवाज ऐकून आल्या, लाटण्याचा. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हमारे हाफिजजी भी ऐसाच मारते अम्मा. मगर लफ्ज पक्का हो जाता." मला बरं वाटलं. त्यांच्यात कुराण पाठ करून घेणारेही मारतात म्हणजे. दुसऱ्या धर्माच्या बाईलासुद्धा पटलं.

त्या आठवड्यात मी नातीला घेऊन अंबडला एका लग्नाला गेले. जिनिंगमधल्या एका मजुराच्या पोरीचं. मांडवात आहेर चालला होता. एक माणूस ओरडून सांगत होता कोणी काय दिलं; पातेलं, लुगडं, पंखा. नात टक लावून बघत होती. परत येताना एसटीत तिने विचारलं, "आजी, आपण देवाला आहेर देतो का?"

मी म्हटलं, "हो. देवाला आहेर."

"मंग असं आधी सांगायचं ना तू."

चौथ्या शुक्रवारी तिने ओळ म्हटली आणि शेवटी स्पष्ट म्हणाली, आहेर. मी तिला दोन पेले सरबत दिलं. प्यायच्या आधी ती आत गेली, मांडणीवरून स्टीलची एक वाटी आणली आणि दिव्याखाली ठेवली. म्हणाली, आमच्याकडून देवाला एक वाटी. लग्नातल्या माणसासारखं ओरडून म्हणाली. सून हसली, मुलगी हसली, आमचे हेसुद्धा वर्तमानपत्रामागे हसले. मी म्हटलं, भांडं जागेवर ठेव. तिने ठेवलं.

पाहुणे आले. हझान, त्यांची बायको आणि मुलगा. मुलगा बरा होता, कमी बोलणारा. माझ्या मुलीने चहा दिला तेव्हा त्याने तिच्याकडे बघून बशी घेतली, बशीकडे बघून नाही. मला ते दिसलं. मुलीलाही दिसलं. आत येऊन ती कपाळाचा घाम पुसत होती. ओठ दाबून धरले होते तिने, हसू बाहेर येऊ नये म्हणून.

दिवा लागला. पाहुण्यांच्या बाईने दिवा बघितला, दाराची डबी बघितली, भांडी बघितली. सगळं ठीक होतं. मी नातीला पुढे केलं. नवीन फ्रॉक, तेल लावून वेण्या. तिने उजवा हात डोळ्यांवर ठेवला. आवाज तिचा आईचाच होता, हे मी नाकारत नाही. शेवटचा शब्द तिने अगदी लांबवला. मी जसा शिकवला तसाच.

पाहुण्यांची बाई आधी हसली. "अगंबाई, हिला आत्तापासनंच आहेर हवाय."

सगळे हसले. मीही हसले. काय चाललंय ते कळायच्या आधी हसले. हझान हसले नाहीत. त्यांनी नातीला जवळ बोलावून पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा तसंच म्हटलं. मग ते माझ्याकडे वळून, रागावून नाही, शाळेत सांगतात तसं सांगायला लागले. हिब्रूत या दोन अक्षरांत एका कोपराचा फरक. एक धरलं तर एहाद, म्हणजे एक. दुसरं धरलं तर आहेर, म्हणजे दुसरा, परका. लोकांनी चुकू नये म्हणून आपल्या ग्रंथात ते अक्षर मुद्दाम मोठं लिहितात. जिथे देव एक म्हणायचं, तिथे ही पोर देव दुसराच आहे म्हणतेय.

"कोणी शिकवलं हिला?" त्यांनी विचारलं.

एका कोपराचा फरक. मला त्या क्षणी वडिलांची वही दिसली. दाल आणि रे. ते बोलत होते हिब्रूचं, मला दिसत होतं उर्दूचं. सगळं कळलं. कळायला वेळ लागला नाही, खोटं बोलायलाही लागला नाही.

"तिच्या आईनं," मी म्हटलं.

सून हातात ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने, म्हणजे माझ्या मुलाने, चटईची काडी उपसायला घेतली. तिने ताट खाली ठेवलं.

नातीने डोळ्यांवरचा हात काढला. म्हणाली, "आजीनं शिकवलं. लाटण्यानं."

मी तिच्या थोबाडीत मारली. पाहुण्यांसमोर, दिव्यासमोर. म्हटलं, खोटं बोलती.

शनिवार पाळायचा म्हणून पाहुणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच होते. इतका लांब दिवस मी पुन्हा बघितला नाही. सगळे अगदी गोड बोलत होते. हझानच्या बायकोने माझ्या सुनेला बाजूला घेऊन, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, शब्द नीट समजावून सांगितला. ठाण्याच्या मुलीला. सुनेने मान हलवून ऐकून घेतला, जसा काही पहिल्यांदा ऐकतेय.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलगी चांगली आहे, पण लांबचं पडतं. लांबचं म्हणजे काय ते आम्हाला समजलं. मुलीने पत्र वाचलं, घडी केली आणि बालवाडीला गेली. त्यानंतर दोन स्थळं आली, दोन्ही तिने नाकारली. आजही ती माझ्याबरोबरच आहे.

पाहुणे गेले त्या रविवारी मी वही काढली. दालला कोपर होतं. वडिलांचं अक्षर चांगलं होतं, त्यांच्यावर ढकलायलाही जागा नव्हती. मी आमच्या ह्यांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

"पहिल्यापासून," ते म्हणाले.

"मंग बोलला का न्हाई?"

"तू कव्हा कोणाचं ऐकून राह्यली व्हतीस?"

लोक म्हणायचे, माझा नवरा देवमाणूस. मीही म्हणू देते. पण तीन शुक्रवार पोर भिंतीकडे तोंड करून उभी असताना, तिच्या बोटांवर लाटणं पडत असताना शब्द कुठला बरोबर ते या माणसाला ठाऊक होतं आणि तो पेपर वाचत होता, हेही इथे लिहून ठेवते. मी एकटीच वाईट नव्हते.

सुनेला मी काही सांगितलं नाही. आज सांगेन, उद्या सांगेन असंही नव्हतं. सांगायचंच नव्हतं. सासू सुनेसमोर एकदा खाली उतरली की वर चढता येत नाही, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. दुसऱ्या दिवशी मी नातीला एवढंच म्हटलं की आता एहाद म्हणत जा. ती म्हणाली, बरं. आणि म्हणायचीच बंद झाली. शुक्रवारी उभी राहायची, डोळ्यांवर हात ठेवायची, ओठ मिटलेले. मी विचारलं तर सांगायची, मनात म्हणाले. मनात जाऊन कोण बघणार? लाटणं मी पुन्हा हातात घेतलं नाही. घेता आलं नाही असं नाही, पण मारायचं तर काय म्हणून मारायचं ते सांगावं लागलं असतं.

गाणंही गेलं. मी बाजारातून आले की आतून थोडा सूर ऐकू यायचा, आणि फाटकाची कडी वाजली की बंद व्हायचा. पुढे तोही ऐकू येईना. सून भाकरी थापायला चांगली शिकली. आणखी एक झालं. थोबाडीत मारली त्या दिवसापर्यंत नात मला तू म्हणायची, सगळी नातवंडं म्हणतात तसं. त्यानंतर ती मला तुम्ही म्हणायला लागली. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय वळण लावलंय पोरीला. मी ऐकून घ्यायचे.

अशी आठ वर्षं गेली. मुलाने इस्रायलला जायचं ठरवलं. त्याच्या कागदांसाठी मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. त्याच दिवसांत आमचे हे आजारी पडले. जिनिंगमध्ये आयुष्यभर कापसाची धूळ खाल्लेली, छाती संपली होती. दवाखान्यातून घरी पाठवून दिलं.

दुपारची वेळ होती. मुलगा मुंबईला, मुलगी बालवाडीत, सून डॉक्टरला आणायला गेलेली. घरात मी आणि तेरा वर्षांची नात. नातू शाळेत. त्यांचा श्वास बदलला. मी आईचा बघितला होता, मला समजलं. शेमा कानात म्हणायला हवी होती.

माझं काय झालं होतं ते सांगते. त्या आठ वर्षांत मी एहाद घोकला होता. भांडी घासताना, विहिरीवर, मनात, तोंडाने. पण घाई झाली, भीती वाटली की जीभ जुन्या वाटेने जायची. एकदा साप दिसला तर मी घाबरून ओळ म्हटली, शेवटी आहेरच. त्यांच्या कानात तसं गेलं तर? माझा माझ्या जिभेवर भरवसा नव्हता. म्हणून मी नातीला म्हटलं, "तू म्हण."

ती खाटेजवळ आली. उजवा हात डोळ्यांवर ठेवला. आठ वर्षांनी मी तिच्या तोंडून ती ओळ ऐकली. आवाज मोठा झाला होता, खोल झाला होता. आजोबांच्या कानाशी वाकून तिने सावकाश, एकेक शब्द म्हटला. आणि शेवटी म्हणाली, आहेर.

लांबवून म्हणाली. चुकून नाही. म्हणून झाल्यावर तिने डोळ्यांवरचा हात काढला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "हे काय?"

"तुम्ही शिकवलं तेच."

त्यांनी डोळे उघडले होते. ते नातीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. चाळीस वर्षं त्या घरात तो शब्द माझा होता, त्यांना वाटलं असेल मीच म्हटलं. मला एवढंच करायचं होतं की खाली वाकून एकदा एहाद म्हणायचं. चुकलं असतं तर दुसऱ्यांदा म्हणायचं. वेळ होता. पाव तास होता, नंतर कळलं. पण नात समोर उभी होती. मी वाकले असते तर तिच्यासमोर कबूल केलं असतं की शब्द माझा चुकीचा होता आणि थोबाडीत खोटी मारली होती. ती त्याचीच वाट बघत होती. मी वाकले नाही. मी म्हटलं, पाणी आण. ती पाणी आणायला गेली नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. डॉक्टरला घेऊन सून आली तेव्हा ते गेले होते.

सुनेने विचारलं, "शेमा म्हटली?"

"म्हटली," मी सांगितलं. नात म्हणाली, "हो, म्हटली." त्या घरात आम्ही दोघी एकदाच एकमताने बोललो.

माझा नवरा, त्याचा देव दुसराच आहे हे ऐकून गेला. पोरीने ते हट्टाने केलं आणि मी माजाने राहू दिलं. तिची चूक तेराव्या वर्षाची होती. माझी साठीची.

पुढच्या वर्षी ते सगळे इस्रायलला गेले. जाताना सून माझ्या पाया पडली. मला वाटलं, आता सांगावं. रिक्षा उभी होती. मी म्हटलं, पोहोचल्यावर पत्र टाक.

आता फोन आहे. शुक्रवारी दुपारी, तिकडे दिवा लावायच्या आधी, नातीचा फोन येतो. तिला आता तीन वर्षांची मुलगी आहे. नात फोन मुलीच्या तोंडाशी धरते आणि ती पोर गाते. गाणं म्हणते, दुसरं गाणं म्हणते, मग शेमा. मधेच हसते, विसरते, पहिल्यापासून सुरू करते, कोणी ओरडत नाही. शेवटचा शब्द येतो, एहाद, आणि ती इतकी लांबवते की तिचा श्वास संपतो. मला पणजी म्हणत नाही ती, मराठी तिला येत नाही. मी कोण ते तिला काय सांगितलंय, मी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात पोरीचं गाऊन झालं आणि नात फोनवर आली. तब्येतीचं विचारलं. मी म्हटलं, आता काय, दिवस मोजायचे. तिने पोरीला खेळायला पाठवलं. मग म्हणाली, "तुमच्या कानात कोण म्हणणार, आजी?"

"आत्या हाय की तुझी."

"आत्याला कोणी शिकवलं?"

मी फोन ठेवला. मुलगी समोर बसून मेथी निवडत होती. मी तिला म्हटलं, शेमा म्हण बरं एकदा. तिने हातातली जुडी खाली ठेवली, हात पदराला पुसला, डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाली. शेवटी आहेर. साठीला टेकलेल्या बाईने, ज्या शब्दापायी तिचं लग्न मोडलं तोच शब्द, तसाच. मी विचारलं, तुला बरोबर माहीत न्हाई का? तिने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"माहीत हाय," ती म्हणाली. "पण जीभ तुझीच हाय."

तेव्हापासून आम्ही दोघी दुपारी बसतो. एकीने म्हणायचं, दुसरीने ऐकायचं. तिला शांतपणे बरोबर येतं. मलाही येतं. घाईत काय येईल ते दोघींनाही माहीत नाही. ती सांगते, तू काळजी करू नको, मी सावकाश म्हणेन. आणि मी तिला म्हणते की सावकाश म्हणायला त्या वेळेला वेळ असतो. पाव तास असतो. एवढं मला माहीत आहे.